संन्यस्त भगिनींचा संसार

संक्रांतीच्या पर्वात सोलापूर नगरी सिद्धरामेश्वरांच्या नावाने जागी होते. बाराबंदीचा शुभ्र वेष धारण केलेले भाविक, मानाचे सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा हे सारे सोलापूरकरास नव्याने सांगावयास नको. त्या अक्षतांमागची कथाही घरोघरी ठाऊक आहे. सिद्धरामांच्या अंगणात नित्य सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली. ज्याचे चित्त शिवचरणी वाहिलेले, त्या योग्याने आपला योगदंड पुढे केला. आणि त्या दंडाशीच तिचे लग्न लागले. आठ शतके उलटली, तरी तिच्या लग्नाच्या अक्षता टाकावयास आजही अवघे शहर लोटते.

दुसऱ्या दिवशी होमप्रदीपन होते. तीच कुंभारकन्या प्रतीकरूपाने अग्नीच्या स्वाधीन केली जाते. आपण हात जोडतो, भस्म कपाळी लावतो आणि घरी परततो. ह्या कथेचा अध्यात्मिक अर्थ जाणते लोक सांगतात तो आहेच. देहभाव जळाल्याविना शिवाशी ऐक्य नाही, हे खरेच. तथापि एक साधा, संसारी प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. योगदंडाशी लग्न लागलेल्या त्या मुलीने अग्नीत प्रवेश केला नसता, तर ती राहिली कोठे असती? पित्याच्या घरी ती परत जाणार नव्हती, सासर तर तिला नव्हतेच. ईश्वराशी लग्न लावलेल्या स्त्रीचे व्रत आपण मानले, तिला अक्षताही दिल्या. परंतु तिच्यासाठी घर काही बांधले नाही.

हा प्रश्न एका निराळ्याच स्त्रीसमुदायाकडे पाहताना अधिक तीव्रतेने जाणवतो. कॅथलिक पंथाच्या संन्यस्त भगिनी सोलापुरासारख्या शहरात आपल्याला अपरिचित नाहीत. साधी साडी अथवा पायघोळ झगा, गळ्यात क्रूस, आणि चालण्यात एक प्रकारची घाई. शाळेच्या दारात किंवा दवाखान्याच्या ओसरीवर त्या दिसतात. पण आपली त्यांची ओळख कशी? जून महिन्यात मुलाच्या प्रवेशाकरिता रांगेत उभे राहण्यापुरती! ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आपण इतका आपलासा केला, की गल्लीबोळांतील कोणत्याही इंग्रजी शाळेच्या पाटीवर तो झळकू लागला. तिच्या चालकांचा ख्रिस्ती धर्माशी सुतराम संबंध नसला तरी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र येणे, मेळा, असा आहे. भगिनींच्या एकत्र राहण्याच्या घराला ते नाव पडले, आणि शाळा ही त्या घराच्या अंगणात पुढे उगवलेली गोष्ट. आपण अंगण पाहिले, घर पाहिलेच नाही. रुग्णालयातील परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ म्हणतो, त्या हाकेतही ह्याच व्रतस्थ स्त्रियांची स्मृती दडलेली आहे. युरोपात रुग्णसेवा शतकानुशतके त्यांच्याच हाती होती.

तेव्हा आधी ते घर पाहू. कोणतीही मुलगी एखाद्या दिवशी वैतागून वा भावनेच्या भरात कॉन्व्हेंटात शिरली आणि संन्यासिनी झाली, असे घडत नाही. कॅथलिक चर्चची १९८३ साली प्रसिद्ध झालेली धर्मसंहिता ह्याबाबत मोठी काटेकोर आहे. सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय उमेदवारीचा काळ सुरू होऊ शकत नाही. हा काळ निदान बारा महिन्यांचा, आणि त्यात बाहेरची कामे बाजूस ठेवून प्रार्थना, अध्ययन व आत्मपरीक्षण एवढेच करावयाचे. पुढे ठराविक मुदतीची व्रते. ती बहुधा तीन ते सहा वर्षांची. तेवढ्या अवधीत मुलीला मोकळेपणाने परत जाता येते, आणि संघालाही तिला नम्रपणे नकार देता येतो. एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून आजन्म व्रत घेता येत नाही. आपल्याकडे विवाह जुळविताना जेवढा विचार होतो, त्याहून कितीतरी अधिक विचार ह्या अविवाहाकरिता केला जातो!

व्रते तीन: अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. बहुतेक संघांत आजन्म व्रताच्या वेळी भगिनीच्या बोटात अंगठी घातली जाते. ती ख्रिस्ताची वधू झाली, असा त्याचा भाव. ह्या कल्पनेने हिंदू मनाने दचकण्याचे कारण नाही. चेन्नमल्लिकार्जुनालाच पती मानून कौशिक राजाचा महाल सोडणारी अक्कमहादेवी आपल्याला परकी वाटते काय? तिचा मल्लिकार्जुन आणि बाल सिद्धराम ज्याच्या शोधार्थ श्रीशैलापर्यंत गेले तो मल्लय्या एकच. मीरेचा गिरिधर, आंडाळचा रंगनाथ ही नावेही आपल्या देवघरांत आहेत. व्रताचा गाभा आपल्याला चांगला कळतो. त्याभोवतीची व्यवस्था मात्र आपण क्वचितच न्याहाळतो.

अपरिग्रहाचेच पाहा. शाळेत शिकविणाऱ्या वा रुग्णालयात काम करणाऱ्या भगिनीचा पगार तिचा नसतो. तो संघाच्या सामाईक पेटीत जातो. त्यातून साऱ्यांचे अन्न, वस्त्र, औषधपाणी, वृद्ध भगिनींची देखभाल आणि नव्या उमेदवारांचे शिक्षण चालते. अनुदानित शाळांतील अशा पगारांतून प्राप्तिकर कापावा की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. व्रत घेतलेली व्यक्ती धर्मनियमाप्रमाणे लौकिक जीवनाला मृत झालेली असते, पगार तिला मिळतच नाही, असे प्रतिपादन करण्यात आले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ते अमान्य करून करकपात कायम केली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यास सरकारी नियम लागू असावयास हवा. पण ह्या युक्तिवादातील ‘लौकिक मृत्यू’ हा शब्द वाचताना हिंदू धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला आपलेच शास्त्र आठवावे. संन्यास घेतलेला पुरुष संसाराला मेला, त्याचा पित्याच्या मालमत्तेवरील हक्क संपला, हे आपल्याही परंपरेने व न्यायालयांनी मानलेले आहे. फरक इतकाच, की आपल्या संन्यासी पुरुषामागे आखाडा असतो, मठ असतो, गादी असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. व्यक्ती अकिंचन असली म्हणून संस्था गरीब असतेच असे नाही. मोठ्या शहरांतील काही कॉन्व्हेंट शाळांच्या इमारती आणि त्यांची फी पाहिली, म्हणजे ‘अपरिग्रह’ हा शब्द जरा ओशाळतो. असो. आपल्याकडील देवस्थानांच्या पेट्या उघडल्या तर तेथेही तोच शब्द मान खाली घालील, म्हणून ह्या मुद्द्यावर फार वेळ घालविण्यात अर्थ नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ह्या जीवनाचा इतिहास चार शतकांचा आहे. जुन्या गोव्यात सांता मोनिका ह्या मठाचा पाया १६०६ साली घातला गेला. तेथील संन्यासिनी एकदा आत गेल्या की उंबरठा ओलांडीत नसत. जाड भिंतींच्या आड प्रार्थना, हीच त्यांची सेवा. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक संघांवर बंदी आणली, नव्या मुली घेणे थांबले, आणि उरलेल्यांतील शेवटची संन्यासिनी १८८५ साली निवर्तली. मठाची ती भव्य वास्तू अद्याप उभी आहे. दरम्यानच्या काळात युरोपात दुसऱ्या प्रकारचे संघ वाढले होते; शाळा, दवाखाने, अनाथालये चालविणारे, भिंतीबाहेर पडणारे. आपल्या परिचयाच्या भगिनी बहुतांशी ह्या दुसऱ्या प्रवाहातल्या. कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी १९५० साली स्थापलेल्या संघाची निळ्या काठाची पांढरी साडी टिटागढ येथे कुष्ठरुग्णांच्या मागांवर विणली जाते, हे सोलापूरच्या विणकरांना ठाऊक असल्यास त्यांना त्या काठाचे मोल अधिक कळेल.

परंतु हिंदू वाचकाने अधिक थांबून पाहावे असे उदाहरण आपल्या जवळचे, पुण्याचे आहे. शिवाजीनगर भागात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून एक स्थान आहे. त्याचे मूळ जॅक विन्स्लो ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने विसाच्या दशकात सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघात आहे. विन्स्लो हे कवी नारायण वामन टिळकांचे चरित्रकार. ख्रिस्ताची भक्ती मराठी मातीत मराठी वळणानेच रुजावी, ही टिळकांची तळमळ त्यांनी उचलली होती. व्हेरियर एल्विनही प्रथम भारतात आले ते ह्याच संघात. पुढे ते बंधू पांगले आणि स्थान ओस पडले. १९७२ साली ते पुन्हा जागे झाले ते स्त्रियांच्या हातून. आणि ह्या स्त्रिया एका पंथाच्या नव्हत्या. काही कॅथलिक, येशूच्या पवित्र हृदयाच्या संघातल्या, मुंबईचे सोफिया महाविद्यालय चालविणाऱ्या; आणि काही इंग्लंडच्या चर्चच्या, वाँटेज गावच्या सेंट मेरी संघातल्या. शतकानुशतके परस्परांशी भांडलेल्या दोन पंथांच्या स्त्रियांनी एका स्वयंपाकघरात चूल पेटविली, ही त्या धर्मात लहानसहान गोष्ट नव्हे.

त्यातही वाँटेजच्या भगिनींचे नाव वाचताच महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान उलगडते. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या ह्याच संघाच्या आश्रयाने, आणि त्यांचा बाप्तिस्माही तेथेच झाला. पण रमाबाई ह्या कोणाच्या आज्ञेत राहणाऱ्या नव्हेत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार आहे. आहाराच्या पथ्यापासून ख्रिस्ती तत्त्वांच्या गाभ्यापर्यंत त्यांनी प्रत्येक गोष्टीवर वाद घातला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का म्हणून, मला आणि माझ्या देशभगिनींना परिचित अशी संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. ह्या बाईंचे धर्मांतर पुण्यातील सनातन्यांना रुचले नाही, आणि त्यांची स्वतंत्र बुद्धी इंग्रज भगिनींना पचली नाही. नव्वद वर्षांनी त्याच संघाच्या भगिनी पुण्यात जमिनीवर मांडी घालून उपनिषदे ऐकू लागल्या. काळाने रमाबाईंच्या प्रश्नाला उशिरा का होईना उत्तर दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या बाजूच्या भगिनींचीही वाट सोपी नव्हती. पवित्र हृदयाच्या संघाने आपला बंदिस्तपणा सोडला तो १९६४ साली. म्हणजे आठ वर्षांपूर्वीपर्यंत ज्या कॉन्व्हेंटच्या आवाराबाहेर सहसा पडत नसत, त्याच स्त्रियांनी सर्वांना मोकळा असा आश्रम उघडला. मध्यंतरी रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जाहीरनामा काढून, त्यांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही असे घोषित केले होते. १९६९ साली भारतातील उपासनेकरिता बारा फेरबदल मंजूर झाले: जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, आरती, उदबत्ती, मेणबत्तीऐवजी तेलाची समई. ह्या परवान्याचा पुण्याच्या आश्रमाने केवळ सजावटीपुरता उपयोग केला नाही. साधे शाकाहारी जेवण, भजन, ध्यान, गीता-उपनिषदांचे वाचन आणि येईल त्याचा अतिथी म्हणून स्वीकार, असा तेथील दिनक्रम होता.

आश्रमाच्या पहिल्या आचार्या वंदना माताजी. पारशी घराण्यात जन्मलेल्या ह्या विदुषीने ख्रिस्ताचा मार्ग पत्करला, पुढे हृषीकेशच्या परिसरात राहून हिंदू गुरूंचा सहवास घेतला, आणि १९७८ साली गुरू, आश्रम व ख्रिस्ती यांच्या संबंधावर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यांच्यामागून धुरा आली ती सारा ग्रँट यांच्याकडे. ह्या इंग्रज भगिनी १९५६ साली भारतात आल्या, सोफिया महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या आणि आदि शंकराचार्यांच्या पायाशी बसल्या. जगाचे ब्रह्माशी नाते काय, हा त्यांचा अभ्यासविषय. शंकराचार्य जगाला सरसकट खोटे ठरवितात, ही सर्रास समजूत त्यांना मान्य नव्हती. सृष्टी सर्वस्वी ब्रह्मावर अवलंबून आहे, ब्रह्म मात्र सृष्टीवर अवलंबून नाही, असे एकतर्फी नाते आचार्यांना अभिप्रेत आहे, असे त्या मांडीत. १९८९ साली केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी स्वतःला ‘अद्वैती ख्रिस्ती’ म्हणवून घेतले. आपल्या घरांतून शंकराचार्यांची तसबीर पुष्कळ ठिकाणी सापडेल. भाष्य उघडून बसलेली माणसे किती सापडतील?

ह्या प्रयोगावर टीका झाली ती दोन्हीकडून. आरती ओवाळणारी नन पाहून कित्येक कॅथलिक कुटुंबे अस्वस्थ झाली. आमच्या पूर्वजांनी ज्या गोष्टी सोडल्या त्याच तुम्ही परत आणता काय, असा त्यांचा रोष. हिंदू बाजूनेही अविश्वास प्रकट झाला. सीताराम गोयल यांनी १९८८ साली कॅथलिक आश्रमांवर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. भगवे वस्त्र, ॐकार आणि ‘आश्रम’ हे नाव ही धर्मांतराची नवी युक्ती आहे, असा त्यांचा आरोप होता.

धार्मिक हिंदू घरांत ही शंका आजही आहे, आणि ती केवळ द्वेषातून येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळात धान्यासोबत धर्म वाटला गेल्याच्या आठवणी ग्रामीण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. भगव्या वस्त्राविषयी तर मलाही वाटते, की ते दीक्षेचे चिन्ह आहे. ज्या परंपरेची दीक्षा घेतली नाही, तिचे वस्त्र अंगावर घेताना शंभरदा विचार करावा. पण आयुष्याची वर्षे शांकरभाष्यात घालविलेल्या स्त्रीला आणि पत्रके वाटीत फिरणाऱ्या प्रचारकाला एका मापाने मोजणे हा विवेक नव्हे. हेतू तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु तो वापरायचा तर माणसे एकेक करून पाहण्याचे कष्टही घ्यावे लागतील.

असे कष्ट घेण्याजोगी एक हकीकत इंदूरकडची आहे. देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया ह्या केरळच्या भगिनी भूमिहीन आदिवासींत काम करीत. बचत, बियाणे, सरकारी योजनांचे कागद, असे ते काम. सावकारीला त्यामुळे धक्का बसू लागला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून खाली ओढून त्यांचा भोसकून खून करण्यात आला. खून करणारा तरुण जन्मठेपेवर गेला. राणी मारिया यांची सख्खी धाकटी बहीण, सेल्मी पॉल, हीदेखील त्याच संघातील भगिनी. २००२ सालच्या रक्षाबंधनाला ती तुरुंगात गेली आणि त्या माणसाच्या मनगटावर तिने राखी बांधली. २००६ साली त्याची सुटका झाली. २०१७ मध्ये इंदूर येथे राणी मारिया यांना चर्चने संतपदाच्या आधीचे ‘धन्य’ हे पद दिले. राखीचा धागा हा आपला. तो तेथे कोणी, कोणाला आणि कशासाठी बांधला, हे मुलाबाळांना सांगावे असे आहे.

इतके लिहिल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. तिसरे व्रत, आज्ञापालनाचे, हे फार धारदार आहे. भगिनींचा संघ स्त्रियांचा असला तरी त्यावरच्या चर्चची सारी सत्ता पुरुषांच्या हाती आहे. भगिनीला यज्ञाची वेदी नाही आणि निर्णयाचे आसन नाही. २०१८ साली केरळात एका भगिनीने बिशपवर अत्याचाराचा आरोप केला. तिला न्याय मिळावा म्हणून तिच्या सहकारी भगिनी कोचीत उघड्यावर धरणे धरून बसल्या. २०२२ च्या जानेवारीत सत्र न्यायालयाने बिशपांना निर्दोष ठरविले. निकालाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. पण आज्ञेचे व्रत घेतलेल्या त्या स्त्रियांना रस्त्यावर यावे लागले, ह्यातच त्या व्यवस्थेचे एक वैगुण्य दिसते. रमाबाईंना त्याची चाहूल फार आधी लागली होती.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या संत स्त्रियांची चरित्रे ओळीने मांडून पाहा. अक्कमहादेवी श्रीशैलाच्या कर्दळीवनात अंतर्धान पावली. मुक्ताई विजेच्या लोळात दिसेनाशी झाली. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बेदरच्या बादशहाच्या माणसांपासून दडावयास विठ्ठलाच्या पायांखेरीज दुसरी जागा मिळाली नाही, आणि तेथेच तिने प्राण ठेवला. जनाबाईचे आयुष्य नामदेवांच्या घरी दासीपणात गेले. आणि ही आपली कुंभारकन्या. भक्तीची एवढी उंची ज्या समाजात स्त्रियांनी गाठली, त्या समाजात त्यांचा शेवट बहुधा वनात, विजेत, अग्नीत वा देवाच्या पायरीवर व्हावा, ह्याचे कारण दैवी म्हणून सोडून देता येणार नाही.

अपवाद आहेत, आणि ते अभिमानाने सांगितले पाहिजेत. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात स्त्रियांना संन्यास दिला. महदाइसेसारख्या स्त्रिया पुरुषांबरोबर भिक्षा मागीत, वाद करीत, रचना करीत. समर्थांनी वेणाबाईला कीर्तनाची आज्ञा आणि मिरजेचा मठ दिला. बौद्ध भिक्षुणी व जैन आर्यिका यांची परंपरा तर त्याहून कितीतरी प्राचीन. खुद्द सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांच्या परिश्रमाने जैन श्राविकाश्रम नावारूपास आला. त्यांचे नाव आजही शहर आदराने घेते. अहिल्यानगर जिल्ह्यातील साकोरीस उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभारले. तेथे ब्रह्मचारिणी कन्या वेदमंत्र म्हणतात, यज्ञ करतात, आणि गोदावरी मातांनी १९९० पर्यंत त्या स्थानाची धुरा वाहिली. आरंभी ह्या स्थानावर टीकेचा भडिमार झाला होता. दक्षिणेश्वरी १९५४ साली निघालेला श्री शारदा मठ १९५९ पासून सर्वस्वी संन्यासिनींच्याच कारभाराखाली आहे.

ही सारी स्थाने आहेत; तरी आपल्या मुलीने उद्या येऊन ‘मला लग्न करावयाचे नाही, देवाच्या कामाला लागायचे आहे’ असे म्हटले, तर सोलापूर जिल्ह्यातील धार्मिक आई-बाप तिला कोणत्या दारी नेतील? बहुधा आधी ज्योतिषाकडे, नंतर डॉक्टरांकडे. तिचा मोठा भाऊ हेच बोलला असता तर त्याला गुरू मिळाला असता. संक्रांतीच्या हळदीकुंकवातही हेच दिसते. वाण सुवासिनीला. अविवाहित प्रौढ स्त्री, विधवा, परित्यक्ता ह्या त्या दिवशी माजघरात थांबतात, नाहीतर कामाचे निमित्त काढून बाहेर जातात. अलीकडे काही घरांनी ही रीत मोडली आहे, ते स्तुत्यच. पण जिने स्वेच्छेने देवासाठी एकटेपण पत्करले तिच्याकरिता आपल्या बोलीत एक आदराचा शब्दसुद्धा रुळलेला नाही. ‘सिस्टर’ म्हणण्याकरिता इंग्रजी लागते.

ख्रिस्ती भगिनींचा धर्म घ्यावा असे येथे कोणी सुचवीत नाही, आणि त्यांनी आपला घ्यावा असेही नाही. घ्यावयाची ती त्यांची घर चालविण्याची रीत. पंढरपुरात मठांना आणि धर्मशाळांना तोटा नाही. वारीचे दिवस सोडले तर त्यांतील कितीतरी खोल्या कुलुपबंद असतात. प्रार्थना समाजाने ह्याच क्षेत्री एकोणिसाव्या शतकात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम चालविण्याचे धाडस केले होते, आणि त्या काळी ते रूढीच्या विरुद्ध होते. आज एखाद्या मठाच्या विश्वस्तांना आठ-दहा खोल्या आणि एक स्वयंपाकघर स्त्रियांच्या व्रतस्थ मंडळाकरिता मोकळे करून देणे त्यामानाने फारच सोपे आहे. नियमावलीला चार पाने पुरतील. प्रमुख स्त्रीच असावी, आणि तिची निवड आतल्या स्त्रियांनी ठराविक मुदतीकरिता करावी. एकवीस वर्षांच्या आत कोणाकडूनही आजन्म संकल्प करवून घेऊ नये. पहिली पाच वर्षे परत जाण्याचा दरवाजा उघडा, आणि परत जाणारीला कमीपणा नको. मिळविणारीचा पगार सामाईक पेटीत, हिशेब दरवर्षी भिंतीवर लावलेला. कीर्तन, ग्रंथांचे अध्ययन आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात रोज काही तास सेवा. जी आजारी पडेल, म्हातारी होईल, तिला शेवटपर्यंत तेथेच ठेवावे; भाच्या-पुतण्यांच्या ओसरीवर पाठवू नये. आणि तक्रार करावयाची वेळ आली तर ती ऐकणारे मंडळ मठाच्या विश्वस्तांहून निराळे असावे, त्यात बाहेरच्या निदान दोन स्त्रिया असाव्यात, हे कलम मात्र पहिल्याच पानावर घालावे.